पाणी पाचला, पाहणी अकराला

जून 2023. पूर्व उपनगरातल्या एका गल्लीत दोन नंबरच्या चाळीच्या तळमजल्यावर पहाटेच्या नळाला काळसर, वास मारणारं पाणी येत होतं. त्याच पंधरवड्यात महापालिकेच्या संगणकात या चाळीची तक्रार दोनदा निकाली निघाली. गंमत अशी, की दोन्ही शेरे खरे होते. अभियंता खरंच येऊन गेला होता, नमुना खरंच घेतला होता आणि प्रयोगशाळेचा अहवालही खरंच 'पिण्यायोग्य' असा होता. पालिकेचा विषय निघाला की आपण 'सगळे खातात' म्हणून मोकळे होतो. इथे कुणी दमडी खाल्ली नाही, तरी पोरांची पोटं बिघडलीच. ते कसं झालं, ते नीट मांडण्यासारखं आहे.

मी त्या गल्लीत राहत नाही. रहिवाशांना अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने प्रकरण जवळून पाहिलं. विभाग कार्यालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण विभाग बदलला तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

गल्ली, गटार आणि नळजोडणी

गल्लीत तीन जुन्या चाळी, सगळे पागडीचे भाडेकरू. रस्त्याखालून पालिकेची जलवाहिनी जाते. तिला फेरूल (मुख्य वाहिनीवर नळजोडणीसाठी बसवलेला तुकडा) मारून प्रत्येक चाळीची लोखंडी लाइन आत येते. रस्ता आणि चाळ यांच्या मधे उघडं गटार आहे आणि लाइन त्या गटाराच्या पोटातून जाते. मुंबईत हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नळ घेतला तेव्हा जवळचा रस्ता तोच होता.

पाणी येतं पहाटे पाचला आणि जातं साडेसातला. मुंबईत पाणी चोवीस तास नसतं. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलावांतून येणारं पाणी भांडुपसारख्या केंद्रात शुद्ध होऊन टेकड्यांवरच्या जलाशयांत येतं आणि तिथून भागाभागाला ठरावीक वेळेला सोडलं जातं. ते सोडतो चावीवाला. रस्त्यातलं झाकण उघडून लांब दांडीच्या चावीने तो व्हॉल्व्ह फिरवतो आणि पुढच्या भागाकडे निघतो. गल्लीच्या पाण्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती याच माणसाकडे असते, आणि कार्यालयातल्या कुठल्याही कागदावर त्याचं म्हणणं नसतं.

पाणी बंद झालं की मधले साडेएकवीस तास लाइन रिकामी, दाब नसलेली पडून राहते. तिला कुठे भोक असेल आणि ते गटारात बुडालेलं असेल, तर पाणी बाहेर जाण्याऐवजी गटारच आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाचला व्हॉल्व्ह उघडला की आत साचलेली घाण सगळ्यात आधी नळाला येते. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी स्वच्छ होतं. म्हणजे दोष होता तो फक्त पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरता. बाकी सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं.

निकाली निघालेल्या तक्रारी

मे महिन्याच्या अखेरीस गल्लीतलं गटार साफ झालं. पावसाळ्याआधीची नालेसफाई 31 मेच्या आत उरकायची असते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात घाई असते. कामगारांनी पहारीने गाळ मोकळा केला, कडेला ढीग घातला, दोन दिवसांनी उचललाही. त्यानंतर आठवड्याच्या आत दोन नंबरच्या तळमजल्यावर कुरबूर सुरू झाली.

पालिकेच्या 1916 या तक्रार क्रमांकावर पहिला फोन गेला. नंबर मिळाला, मेसेज आला आणि दोन दिवसांत जल खात्याचा कनिष्ठ अभियंता आला. सकाळी साडेअकराला. त्या वेळेला नळ कोरडे. त्याने विचारलं, 'पाणी कुठे साठवता?' सेक्रेटरी काकांनी जमिनीखालची टाकी दाखवली. सोबतच्या माणसाने निर्जंतुक बाटलीत नमुना भरला आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून नेली. टाकीत अडीच तासांचं पाणी. पहिल्या दहा मिनिटांची घाण त्यात पडली तरी ती मिसळून जाते आणि मागून आलेल्या पाण्यातलं क्लोरीन उरलेलं काम करतं. अहवाल चांगलाच यायचा होता, तसा तो आला. तक्रार बंद.

आता चाळीची रचना पाहा. वरच्या मजल्यावर पाणी टाकीतून मोटरने चढतं. तळमजल्यावरच्या खोल्यांना मात्र लाइनवरचे थेट नळ आहेत. तिथली माणसं पाच वाजता उठून पहिल्या पाण्याने हंडे भरतात, कारण नंतर दाब पडतो. सेक्रेटरी काका वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरी पाणी स्वच्छच येत होतं. 'तुम्ही पिंपं धूत नाही' असं त्यांनी खालच्यांना सुनावलं, तेव्हा ते मनापासून बोलत होते. पालिकेशी भांडायच्या आधी चाळ आपसातच भांडत बसली. यात बरेच दिवस गेले.

दुसरी तक्रार लेखी दिली, पोच घेतली. या वेळी ती तीन टेबलांवर फिरली. जल खात्याचं म्हणणं: मुख्य वाहिनी ठीक आहे, फेरूलच्या पुढची लाइन ग्राहकाची, परवानाधारक प्लंबर लावून दुरुस्त करून घ्या. घनकचरा खात्याचं म्हणणं: गटार आम्ही साफ केलं, त्यातली लाइन कुणाची ते आम्हाला काय ठाऊक. रस्त्यांची देखभाल पाहणाऱ्या परिरक्षण खात्याचं म्हणणं: पावसाळा लागला, रस्ता खणायची परवानगी 1 ऑक्टोबरनंतर, तातडीचं काम असेल तर जल खात्याकडून तसं पत्र आणा. जल खातं तसं पत्र देईना, कारण त्यांच्या अहवालाप्रमाणे पाणी पिण्यायोग्य होतं! चाळीच्या हाती दुसरा मेसेज आला: तक्रार निकाली.

नियम पाहिले तर तिघेही बरोबर होते. गल्लीतला नळ मात्र या तिघांच्या मधल्या फटीत होता आणि त्या फटीला खातं नाही.

मोटरींचं गुपित

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. रहिवाशांनी अभियंत्याला सरळ पाच वाजता का बोलावलं नाही? मीही तो विचारला. उत्तर मिळायला वेळ लागला, कारण उत्तर कुणालाच द्यायचं नव्हतं.

तळमजल्यावरच्या काही खोल्यांनी थेट लाइनला छोट्या मोटरी लावल्या होत्या. हे बेकायदा आहे, पकडलं तर मोटर जप्त होते आणि जोडणीही तुटू शकते. पण दाब कमी, शेजाऱ्याने लावली, मग आपल्या नळाला फक्त हवा येते, म्हणून आपणही लावायची. पाच वाजता साहेब आला तर आधी मोटरी दिसणार. म्हणून तक्रारीत 'सकाळी' असं मोघम लिहिलं जायचं आणि साहेब अकरानंतर आला की सगळ्यांना हायसं वाटायचं. अभियंत्यालाही मोटरी असणार हे ठाऊक होतं. त्याच्या हद्दीत अशा शेकडो गल्ल्या. पहाटे जाऊन एका चाळीशी वैर घ्यायचं आणि उरलेल्या दिवसभर कार्यालयात फायली उपसायच्या, हे त्यालाही नको होतं.

म्हणजे अकराची पाहणी दोघांच्याही सोयीची होती. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठल्याही अर्जात किंवा शेऱ्यात सापडत नाही. शिवाय मोटरींनी मूळ दुखणंही वाढवलं होतं. मोटर लाइनमधलं पाणी ओढते तेव्हा भोकापाशी उलटा दाब तयार होतो आणि पाणी चालू असतानाही गटार आत खेचलं जातं. माझ्या घरात येणारी घाण काही अंशी माझ्याच मोटरने ओढलेली आहे, हे ऐकायला कुणाला आवडेल?

आरोग्य सेविकेची वही

कोंडी फुटली ती जल खात्यात नाही, तर पालिकेच्या दवाखान्यात. जूनच्या मध्यात चाळीतली लहान मुलं आणि दोन म्हातारी माणसं जुलाब-उलट्यांनी तिथे गेली. अशा वेळी वस्तीत घरोघर जाऊन माहिती घेणं आणि ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या वाटणं हे आरोग्य सेविकेचं काम. या ताईंनी एक साधी गोष्ट केली. वहीत आजारी माणसाच्या नावापुढे खोली नंबर लिहिला आणि त्यापुढे 'टाकी' की 'थेट नळ' हेही लिहिलं. पान भरल्यावर दिसलं की आजारी खोल्या जवळजवळ सगळ्या थेट नळाच्या. वरचा मजला कोरा.

ते पान घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सहायक आयुक्तांना एक पानाचं पत्र लिहिलं, प्रत जल खात्याला. मी ते पत्र पाहिलं. त्यातले चारच शब्द कामाचे ठरले: 'पुरवठ्याच्या वेळी संयुक्त पाहणी'. रहिवाशाने लिहिलं असतं तर ती विनंती राहिली असती. साथीच्या शक्यतेचा उल्लेख असलेलं आरोग्य खात्याचं पत्र कुणी बाजूला ठेवत नाही, उद्या काही झालं तर पहिला कागद तोच निघतो.

तरीही पाहणीची तारीख ठरेना. इकडे चाळीत मोटरींची धास्ती, तिकडे घनकचरा आणि जल खातं एकमेकांच्या सोयीची वेळ शोधत बसलेले. ती गाठ माजी नगरसेवकाने सोडवली. रहिवाशांनी भाऊंना घातलं मध्ये. त्यांनी चाळीला सांगितलं, मोटरी लपवू नका, पण त्या दिवशी कारवाई होणार नाही हे मी बघतो. आणि अभियंत्याला सांगितलं, आधी भोक शोधू, मोटरींची नोटीस नंतर काढा. हा व्यवहार कुठल्याही नियमात बसत नाही. मला तो आवडलाही नाही. पण या टप्प्यावर दुसरा कुठलाच मार्ग चालत नव्हता, हेही खरं.

पाच वाजता

ठरल्या दिवशी पावणेपाचला गल्लीत जल खात्याचा अभियंता, चावीवाला, घनकचऱ्याचा मुकादम आणि त्याची चार माणसं, आरोग्य सेविका ताई आणि छत्र्या घेतलेली अर्धी चाळ. मुकादमाच्या माणसांनी चाळीसमोर गटाराच्या दोन्ही अंगांना वाळूची पोती टाकून पाणी अडवलं आणि मधलं पाणी बादल्यांनी उपसलं. लाइन उघडी पडली. गंजून जाड झालेली, वर सिमेंटचा जुना थर.

पाच वाजता चावी फिरली. मिनिटभराने एका जोडाखालून पाण्याची बारीक धार उडाली. सगळे वाकून पाहू लागले. अभियंत्याने मान वर केली आणि शांतपणे म्हटलं, 'ज्यांच्या मोटरी आहेत त्यांनी चालू करा. आज कारवाई नाही.' कुणी हलेना. मग तळमजल्यावरच्या एका आजींनीच आत जाऊन बटण दाबलं. धार आक्रसली, थांबली, आणि भोकापाशी साचलेलं चिखलाचं पाणी आवाज न करता आत जायला लागलं. चावीवाला म्हणाला, 'मी तर पहिल्यापासून सांगतोय.' सांगत होता, हे खरं. फक्त ज्यांना सांगत होता ते तिथे नव्हते.

आजींनी आणखी एक काम करून ठेवलं होतं. नातवाकडून तीन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या भरून घेतल्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली: 5.02, 5.08, 5.20. पहिल्या बाटलीच्या तळाशी काळे कण बसलेले, दुसरी धुरकट, तिसरी लख्ख. क्लोरीन तपासायच्या डबीत थेंब टाकले तर पहिल्या पाण्याला रंग नाही, तिसरं पिवळं. पाण्याच्या मानकाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असायला हवं. पहिल्या बाटलीत ते संपूनच गेलं होतं. ऑफिसात फायलीला कागद लागतो, गल्लीत त्या तीन बाटल्या पुरल्या. तिथल्या तिथे अभियंत्याने फेरूल बंद करायला सांगितलं आणि चाळीला टँकर लावून दिला.

सही आणि खर्च

पुढची दुरुस्ती कंटाळवाणी होती, पण एका सहीने ती अडलीच. नळजोडणी अजून चाळमालकाच्या नावावर. प्लंबरच्या अर्जावर जोडणीधारकाची सही लागते. मालक कधीच गल्लीत फिरकत नाही, भाडं गोळा करायला मेहताजी येतो. त्याला फोनवर फोन केल्यावर त्याने मालकाची सही आणून दिली. खर्च भाडेकरूंनी खोलीमागे वर्गणी काढून केला. नवी लाइन गटाराच्या पोटातून न नेता वरून, जाड संरक्षक पाइपात घालून नेली. रस्ता फक्त फेरूलपाशी हातभर उकरावा लागला, तो तातडीचं काम म्हणून चालला.

गटार साफ करताना जोड निसटला असणार, याबद्दल चाळीला शंका नाही. मुकादम म्हणतो, तो आधीच कुजलेला होता. काढलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. कपलिंग अंगठ्याच्या दाबाने वाकत होतं. नुकसानभरपाईचा विषय तिथेच मिटला.

माहितीच्या अधिकारात मागितलेली कागदपत्रं दुरुस्तीनंतर आली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, तीस दिवसांची मुदत. पहिल्या नमुन्याच्या अहवालावर जागा लिहिली होती 'तळटाकी' आणि वेळ 11.40. तेवढ्यावर एक नवा अर्ज दिला: पहिल्या धारेच्या तक्रारीत नमुना पुरवठा सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात आणि थेट नळावरून घ्यावा. अभियंत्याने तोंडी होकार दिला, लेखी काही आलं नाही.

नगरसेवक नसताना

माजी नगरसेवकाच्या फोनवर हे का अवलंबून राहिलं, याचं कारण त्या वर्षाच्या परिस्थितीत आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि पालिका प्रशासकाकडे गेली. प्रभाग 227 की 236 हा वाद, ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न, यात निवडणूक पुढे पुढे जात राहिली. ती झाली 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात नगरसेवक नव्हते, म्हणून प्रभाग समित्याही नव्हत्या. नगरसेवकांची थट्टा करणं सोपं आहे, आणि बऱ्याचदा रास्तही. पण प्रभाग समितीच्या बैठकीत सहायक आयुक्तांसमोर जल, परिरक्षण, घनकचरा, आरोग्य या सगळ्या खात्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसायचे आणि कुणीतरी त्यांना गल्लीचं नाव घेऊन जाब विचारायचं. ते टेबलच उचललं गेलं होतं. भाऊंनी फोनवरून केलं ते त्याच टेबलाचं काम, फक्त अधिकाराशिवाय आणि इतिवृत्ताशिवाय. उद्या त्यांना त्या चाळीत मतं नको असती तर त्यांनी ते केलंच असतं असं नाही.

2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख, म्हणजे एका प्रभागात सरासरी 55 हजार माणसं. महाराष्ट्राच्या 1965 च्या कायद्याने एवढ्या वस्तीच्या गावाला 'ब' वर्ग नगरपरिषद मिळते: स्वतःचा नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, पाणीपुरवठ्याचा अभियंता, स्वच्छता निरीक्षक, सगळे एका इमारतीत. कारभार तिथेही काही रामराज्याचा नसतो. पण चावीवाला, अभियंता आणि गटाराचा मुकादम एकमेकांना नावाने ओळखतात आणि बाजारात भेटतात. दोन नंबरच्या चाळीला ही तीन माणसं एका जागी आणायला महिना लागला.

नोटिशीचं पुढे काय झालं? मोटरींना नोटिसा आल्या, ठरल्याप्रमाणे नंतर. काही मोटरी निघाल्या. नवी लाइन टाकल्यावर दाब थोडा सुधारला, म्हणून काहींनी आपणहून काढल्या. बाकीच्या आहेत.

दोन नंबरचं पाहून एक नंबरच्या चाळीनेही आपली लाइन गटाराबाहेर काढून घेतली. तीन नंबरची अजून गटारातूनच जाते. तिथले भाडेकरू वर्गणीला तयार आहेत, प्लंबरही ठरला आहे, पण मालकाच्या वारसांमध्ये वाद चालू आहे आणि अर्जावर सही कुणी करायची हे ठरत नाही. नव्या नगरसेवकाकडे त्यांनी अर्ज दिला आहे, सोबत आरोग्य केंद्राच्या त्या जुन्या पत्राची झेरॉक्स जोडून.